हळदीचं गाणं चाललंय, आता कंपनी कायमचे हक्क मागतेय. द्यावेत का?

आखणीवाली

नमस्कार मंडळी. इथं वाचते बरेच दिवस, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी पेणजवळ हमरापूरला राहते. गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. गाणी लिहायचा नाद आहे, चालीही मीच लावते. धाकटा भाऊ लॅपटॉपवर म्युझिक करतो. गेल्या लग्नसराईत आम्ही हळदीचं एक आगरी गाणं केलं. पनवेलला स्टुडिओ घेतला, गायले मीच, कोरसला दोन मैत्रिणी. स्टुडिओ, मिक्सिंग आणि साधासा व्हिडिओ धरून ३१ हजार गेले. त्यातली निम्मी रक्कम मालकाकडून उचल घेतली होती, ती अजून फेडतेय.

गाणं आमच्याच यूट्यूब चॅनेलवर टाकलं. महिनाभर कुणी विचारलं नाही. मग कुणीतरी नवरीच्या हळदीच्या रीलवर लावलं आणि ते सुटलंच. उरण, अलिबाग, कल्याण, भिवंडी, सगळीकडून व्हिडिओ यायला लागले. डीजेवाले वाजवतात. आमच्या चॅनेलला मात्र अजून १००० सबस्क्रायबर झालेले नाहीत, त्यामुळे पैसा शून्य.

आता अंधेरीच्या एका म्युझिक कंपनीचा फोन आलाय. ४५ हजार एकरकमी देतो म्हणतात, नवा व्हिडिओ करून त्यांच्या चॅनेलवर टाकणार. व्हॉट्सॲपवर ११ पानांची इंग्रजी पीडीएफ पाठवली. भावानं आणि मी मिळून लावलेला अर्थ असा: सगळे हक्क कायमचे, सगळ्या जगात. आमच्या चॅनेलवरचं गाणं काढून टाकायचं. पुढची ३ वर्षं मी जे काही करीन ते आधी त्यांना दाखवायचं. एका ठिकाणी रॉयल्टी असा शब्द आहे, "खर्च वसूल झाल्यावर निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के".

आणखी एक भानगड. गाण्याच्या सुरुवातीच्या दोन ओळी धवल्यातल्या, म्हणजे आमच्याकडच्या लग्नविधीच्या पारंपरिक गाण्यातल्या आहेत. माझी आजी धवलारीण होती, आमच्याकडची निम्मी लग्नं तिनं गाऊन लावली. तिच्या तोंडून ऐकलेल्या ओळी मी तशाच घेतल्यात. कंपनीच्या कागदात लिहिलंय की सर्व शब्द व संगीत माझी स्वतःची मूळ रचना आहे. तिथं सही करू का?

वडील म्हणतात, खर्च निघून वर १४ हजार उरतात, घे गपचूप. भाऊ म्हणतो डिस्ट्रोकिड या ऑनलाइन सेवेवरून सगळीकडे टाकू, कंपनी गेली उडत. कंपनीला गणपतीच्या आत उत्तर हवंय आणि मला इथं मान वर करायला फुरसत नाही. जाणकारांनी सांगा.

---

डोंबिवली_बेस

अजिबात देऊ नका!! लेबल, म्हणजे म्युझिक कंपनी, लागते कुणाला आजकाल? 'गुलाबी साडी'वाला संजू राठोड बघा. स्वतःचं चॅनेल, स्वतःचं गाणं, स्वतःचा पैसा. ४५ हजारात कायमचं गाणं म्हणजे लूट आहे. भावाचं ऐका.

---

टेपवाला

डोंबिवलीकर, संजू राठोडचं उदाहरण प्रत्येक धाग्यावर येतं. लॉटरी लागलेल्याचा फोटो दुकानाबाहेर लावतात, ज्यांची फुकट गेली त्यांचा कुणी लावत नाही. तरी तुमचं अर्ध म्हणणं मला मान्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी रेकॉर्डिस्ट. कॅसेटच्या काळापासून दादर आणि ठाण्यातल्या स्टुडिओत बसलोय. कोळीगीतं, भीमगीतं, खंडोबाची गाणी, लावण्या, आरत्या, सगळं केलं. त्या काळी करार नावाची वस्तू नव्हतीच. रेकॉर्डिंग संपलं की कंपनीचा माणूस व्हाउचर पुढे करायचा, रेव्हेन्यू स्टँप चिकटवलेलं. मजकूर एका ओळीचा: "गीत व संगीताचा संपूर्ण मोबदला मिळाला." सही झाली की गाणं कंपनीचं. सांगलीकडचे एक शाहीर होते. सकाळच्या गाडीनं यायचे, आठ गाणी एका बैठकीत द्यायचे, रात्रीच्या गाडीनं परत. पुढं मोबाइलवर कॉलर ट्यून आल्या. शाहिरांचं एक गाणं इतकं चाललं की त्यांच्याच तालुक्यात कुणालाही फोन लावावा तर कानावर त्यांचाच आवाज. मिळाले किती? व्हाउचरवर होते तेवढेच. कंपनीनं बेकायदा काही केलं नव्हतं, हे लक्षात घ्या. कागदच तसा होता.

आता तुमच्या कागदाकडे येतो. ताई, तुमच्याकडे एक गाणं नाही, दोन वस्तू आहेत. एक म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे पनवेलला झालेलं ध्वनिमुद्रण, ज्याला आम्ही मास्टर म्हणतो. पहिलीची मालकी लिहिणाऱ्याची आणि चाल लावणाऱ्याची. दुसरीची मालकी कायद्यानं निर्मात्याची, म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते करवून घेतलं त्याची. उचल काढून ३१ हजार तुम्ही घातलेत, निर्मात्या तुम्हीच. स्टुडिओवाला नाही, मिक्सिंगवालाही नाही. कंपनी ४५ हजारात या दोन्ही वस्तू मागतेय, आणि वर पुढच्या ३ वर्षांची तुमची सगळी वही.

तुम्ही रायगडच्या आहात, जमिनीच्या व्यवहारावर मी तुम्हाला काय शिकवणार. पण तोच हिशोब आहे. सातबारा नावावर ठेवून जमीन खंडानं देता येते. ध्वनिमुद्रणाचं तसंच करता येतं, त्याला लायसन्स म्हणतात. ५ वर्षं कंपनीनं वापरावं, ठरलेले पैसे द्यावेत, मुदत संपली की माल परत. मराठीतल्या छोट्या-मध्यम कंपन्या हे स्वतःहून कधी सुचवणार नाहीत, पण चालत्या गाण्याला मागितलं तर देतात. आणि तुमचं गाणं चालतंय. नवख्या गाण्यासाठी दारात उभं राहणं वेगळं आणि कंपनीनं फोन करणं वेगळं. आज पारडं तुमच्याकडे झुकलंय, सीझन उलटला की राहीलच असं नाही.

"निव्वळ" या शब्दाला जपा. २० टक्के ऐकायला बरं वाटतं, पण कशातून काय वजा जाणार? नव्या व्हिडिओचा खर्च, जाहिरातीचा खर्च, "प्रशासकीय खर्च". व्हिडिओ ३ लाखांचा दाखवला की तुमचे २० टक्के कुठल्या साली सुरू होतील ते देवाला ठाऊक. टक्के एकूण जमेवर मागा, भले १० घ्या. किंवा वजावटीला आकडा बांधून घ्या, अमुक रकमेच्या वर एक रुपया वजा होणार नाही. हिशोब सहा महिन्यांनी लेखी मिळेल, हेही त्यातच लिहायचं.

आणि सगळ्यात आधी त्यांना विचारा, तुम्ही करणार काय? व्हिडिओ कुठल्या महिन्यात, किती खर्चाचा, कोण करणार, चॅनेलवर कधी. हे कागदावर येत नसेल तर ती कंपनी नव्हे, अपलोड करणारा माणूस आहे. अपलोड तुमचा भाऊही करतो.

आता भावाच्या बाजूचं. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी ही सगळी पोस्टमनची कामं. तुमच्याकडून फाइल घ्यायची आणि स्पॉटिफाय, ॲपल, जिओसावन, यूट्यूब म्युझिक, इन्स्टाग्राम यांना पोचवायची. हक्क तुमचेच राहतात, हा मोठा गुण. डिस्ट्रोकिडला वर्षाला वर्गणी, आणि ती थांबली की गाणी खाली उतरतात, वेगळे पैसे भरून ठेवली असतील तरच राहतात. सीडी बेबी एकदाच पैसे घेते आणि मिळकतीतून ९ टक्के कापते. वर्षाला एखादंच गाणं करणाऱ्याला दुसरं बरं पडतं, दर महिन्याला करणाऱ्याला पहिलं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. उद्या पोस्टमन बदललात आणि तोच क्रमांक दिलात, तर आधीचे ऐकण्याचे आकडे गाण्यासोबत येतात. नवा घेतलात तर शून्यापासून.

पण यातून घर चालेल असं भावाला वाटत असेल तर त्याला जरा खाली बसवा. एकदा ऐकलं की अमुक पैसे, असा ठरलेला दर कुठंच नाही. महिन्याचा जमा पैसा एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो, आणि आपल्याकडे फुकट जाहिरातींवर ऐकणारेच जास्त, त्यामुळे गल्ला मुळात लहान. २०२४ पासून स्पॉटिफायवर तर मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला काहीच नाही. यूट्यूबला पूर्ण जाहिरात-वाट्यासाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज. रील कितीही फिरली तरी त्यातून हातात येतं ते किरकोळ.

म्हणजे भावाचा रस्ता बरोबर आहे, पण त्यातून कार्यक्रमाची सुपारी येते, पगार नाही. आगरी-कोळी पट्ट्यात पैसा कार्यक्रमात आहे. गाणं तुमचं म्हणून ओळखलं गेलं की हळदीला गायला बोलावतात. म्हणून गाण्यासोबत तुमचं नाव दिसणं हे मला ४५ हजारांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. कंपनीच्या व्हिडिओत पहिल्या ओळीत गीत, संगीत, गायिका म्हणून नाव. वर्णनात तळाशी नाही, शीर्षकात.

भावाला आणखी एक विचारा. ढोलकी, संबळ, बेंजो त्यानं स्वतः वाजवून घेतलाय की फुकटच्या लूप पॅकमधला, म्हणजे आयत्या वाजवून ठेवलेल्या तुकड्यांतला, उचललाय? तोच लूप आणखी शंभर गाण्यांत असेल, तर कुणाचं गाणं कुठं वापरलंय ते आपोआप ओळखणारी यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गोंधळते. तुमच्या गाण्यावर दुसराच दावा ठोकतो, किंवा तुमचा दावा कुणा तिसऱ्यावर जातो. हे मी नेहमी बघतो. बेंजोवाल्याला बोलवा, दोन तासांचे पैसे द्या, प्रश्न मिटला.

---

संबळ_कोल्हापूर

काकांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे, पण दुसरी बाजू पण सांगतो. मी देवीची गाणी गातो, घराणं गोंधळ्याचं. माझी पाच गाणी कंपनीला कायमची दिली आहेत. समजून उमजून दिली. लोक मला येडा म्हणतात, म्हणू देत.

कंपनीच्या चॅनेलवर नवरात्राआधी गाणं पडलं की पहिल्या आठवड्यात जेवढी माणसं बघतात, तेवढी माझ्या चॅनेलवर वर्षात आली नसती. त्यावर मला जागरण-गोंधळाची कामं मिळाली, पार बेळगाव, सोलापूर, विजापुरापर्यंत. आधी गावकी जे हातावर ठेवील ते घेत होतो, आता बिदागी मी सांगतो. गाण्याचे पैसे मी जाहिरातीच्या खात्यात धरलेत. फुकट जाहिरात झाली आणि वर थोडे मिळाले.

पण दोन गोष्टी मी सोडल्या नाहीत. एक, कार्यक्रमात माझी गाणी गायला कुणाची परवानगी लागणार नाही, हे लिहून घेतलं. आमच्या भागात एकाला त्याच्याच गाण्याच्या स्टेज व्हिडिओवर कंपनीचा दावा आलाय. स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या गावात गायलेलं गाणं! दोन, पुढच्या गाण्यांचं बंधन घेतलं नाही. ताईंच्या कागदातलं ते ३ वर्षांचं कलम मला ४५ हजारांपेक्षा जास्त खुपतंय. दाखवायचं म्हणजे काय? त्यांनी नाही म्हटलं तर दुसरीकडे द्यायचं का? किती दिवसांत उत्तर द्यायचं? आमच्या एका पोराचं गाणं असंच "बघतो" म्हणत पडून राहिलं, यात्रा निघून गेली. यात्रेचं गाणं यात्रा झाल्यावर काय लोणच्याला घालायचं?

---

काळा_कोट

मी वकील आहे, पण हा सल्ला म्हणून धरू नका. कागद न बघता बोलतोय.

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले, लढले. तिचा तुमच्याशी संबंध असा: गाण्याचा गीतकार आणि संगीतकार यांना त्या शब्द-चालीच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा निम्मा वाटा मिळण्याचा हक्क आहे आणि तो त्यांना विकताच येत नाही. सोडून देतो असं लिहून दिलं तरी ते लिहिणं बाद. अपवाद फक्त कायदेशीर वारस आणि कॉपीराइट सोसायटी. टेपवाला काकांच्या शाहिरांच्या वेळी हे कलम नव्हतं.

म्हणून त्या २० टक्क्यांना भुलू नका आणि घाबरूही नका. ध्वनिमुद्रणाच्या कमाईत काय वाटा हे वाटाघाटीवर आहे. शब्द-चालीचा निम्मा वाटा कायद्यानं तुमचाच आहे. पण हक्क असणं आणि खात्यात पैसे पडणं यात अंतर आहे. आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी १९६९ पासूनची संस्था. तिच्या सभासद व्हा आणि गाणं तिथं नोंदवा. अर्ज ऑनलाइन होतो. नोंदच नसेल तर तुमच्या नावाचे पैसे वाटायचे कुणाला? गायिका म्हणून वेगळा हक्क आहे, त्यासाठी गायकांची इस्रा ही संस्था होती, आता वादकांनाही धरून नाव इसाम्रा झालंय.

बाकी काही उपयोगी तरतुदी. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं, फोनवर "हो" म्हटल्यानं काही गेलेलं नाही. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. तुमच्या कागदात "कायमचे" आणि "सगळं जग" स्पष्ट असल्यामुळे हे संरक्षण तुम्हाला मिळणार नाही, म्हणून तिथंच खोडून घ्यायला हवं. हक्क घेऊन कंपनीनं वर्षभर वापरलेच नाहीत तर ते परत येतात, पण करारात उलट लिहिलेलं नसेल तरच. हे उलट लिहिलेलं वाक्य बहुधा शेवटच्या दोन पानांत असतं, शोधा. सही करतेवेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेलं माध्यमही, नावानिशी उल्लेख नसेल तर, त्यात येत नाही. कॉलर ट्यूनसारखं पुन्हा काही निघालं तर हे उपयोगी पडेल.

धवल्याच्या ओळी. त्या तुमच्या नाहीत, आजीच्याही नाहीत आणि कंपनीच्या तर होऊच शकत नाहीत. परंपरेचं कुणीही गावं. पण "सर्व शब्द माझी मूळ रचना" यावर सही केलीत तर तुम्ही खोटी हमी देताय. त्याच्याच खाली बहुतेक एक कलम असेल की कुणी दावा केला तर नुकसानभरपाई तुम्ही द्यायची. दोन्ही एकत्र वाचा. "सुरुवातीच्या दोन ओळी पारंपरिक, उरलेलं गीत अमुकचं" असं स्वच्छ लिहून घ्या. श्रेयनामावलीतही तसंच. नाहीतर उद्या दुसऱ्या धवलारणीनं तोच धवला लग्नात गायला, तिच्या नातवानं व्हिडिओ टाकला, तर कंपनीचा दावा त्या बाईवर जाईल.

आणि एक कडू गोष्ट. तुमचं गाणं हळदीचं आहे ना? लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणं वाजवणं हे कायद्यानं उल्लंघनातून वगळलंय, कलम ५२(१)(झेडए). हॉटेलांतल्या लग्नांवरून कंपन्या आणि सरकार यांच्यात वाद होतात, गोव्यात तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. पण अंगणातल्या मांडवात डीजेनं तुमचं गाणं रात्रभर वाजवलं तरी त्यातून रॉयल्टीची आशा ठेवू नका. ज्या जागेसाठी गाणं केलंत, तीच जागा फुकट आहे.

---

विठ्ठल_भजनी

धाग्यात जरा घुसतो. आमचं भजनी मंडळ आहे, तुकोबांचे अभंग यूट्यूबवर टाकतो. तरीही एका अभंगावर दावा आला. तुकोबा कुठल्या कंपनीचे झाले?

---

टेपवाला

तुकोबा कुणाचे नाहीत, पण चाल कुठली घेतलीत? भीमसेनजींच्या कॅसेटवरची असेल तर चाल संगीतकाराची. खळेकाकांची धरा. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, कायद्यानं त्यांच्या चालीवर त्यापुढं ६० वर्षं हक्क राहतो. मूळ कॅसेटचा ट्रॅक मागे लावला असेल तर तो वेगळा गुन्हा. वारकरी चालीत, तुमच्याच पखवाजावर गायला असाल आणि तरी दावा आला असेल, तर तो यंत्राचा घोळ आहे. हरकत नोंदवा, "पारंपरिक चाल, स्वतःचं ध्वनिमुद्रण" असं लिहा. बहुतेक वेळा सुटतो.

काळा कोट, ते लग्नाचं कलम मला माहीत होतं, पण या पोरीच्या गाण्याला ते कसं नेमकं लागतं हे डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे कार्यक्रमाचा मुद्दा आणखीच पक्का.

---

आखणीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री कारखाना बंद झाल्यावर भावासोबत बसून एकेक प्रतिसाद वाचला. वडिलांनाही वाचून दाखवला. त्यांना सातबाऱ्याचं एकदम पटलं, आता तेच सांगतायत की कायमचं द्यायचं नाही.

काल कंपनीला फोन केला. आधी म्हणाले, आमचा कागद छापील आहे, सगळे कलाकार हाच सही करतात, बदल होत नाही. मी म्हटलं, मग राहू द्या. संध्याकाळी त्यांचाच फोन. दुसरा माणूस होता, जरा वरचा असावा. आता म्हणतात ध्वनिमुद्रण १० वर्षांच्या लायसन्सवर घेऊ, रक्कम ३० हजार. ३ वर्षांचं कलम काढायला तयार आहेत, पण "एक गाणं तरी" आधी दाखवा म्हणतात. पारंपरिक ओळींचं मान्य. स्टेजवर गायचं मान्य. नाव शीर्षकात द्यायचं म्हटल्यावर मात्र गप्प झाले, म्हणाले डिझाइनवाल्यांना विचारतो.

व्हिडिओ कधी, किती खर्चाचा, हे विचारलं. "लवकरच, चांगल्या लेव्हलचा" असं उत्तर आलं.

आमचं आताचं गाणं चॅनेलवरून काढा हे मात्र ते सोडत नाहीत. तिथल्या कमेंटमध्ये लोकांनी आपापल्या आज्यांचे धवले लिहिलेत, दोनशेच्या वर असतील. ते जाणार म्हणून पोटात कालवतं.

भावानं लूपचं कबूल केलं. संबळ लूपचाच आहे, बेंजो आमच्या गावातल्या काकांनी वाजवलाय.

आता प्रश्न दोनच. १० वर्षं मान्य करू का? आणि ते एक गाणं दाखवायचं कलम ठेवू का?

---

डोंबिवली_बेस

राहू द्या म्हटल्यावर संध्याकाळी फोन 😂 बघा, मी म्हणत होतो ना!

---

टेपवाला

१० नको. हळदीच्या गाण्याचं आयुष्य मी बघत आलोय. तीन-चार सीझन जोरात, मग एकतर विसरलं जातं किंवा कायमचं होतं. विसरलं गेलं तर १० काय आणि ५ काय. कायमचं झालं तर सहाव्या वर्षापासूनचा पैसा तुमच्याकडे यायला हवा. ५ सांगा, फार ताणलं तर ७ वर या, त्यापुढं नाही. मुदत सहीच्या तारखेपासून मोजा. "प्रदर्शनापासून" लिहिलं की व्हिडिओ रखडतो आणि मुदत सुरूच होत नाही.

"लवकरच" हे उत्तर नाही. तारीख घाला, लग्नसराई तोंडावर म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या आधी. त्या तारखेपर्यंत व्हिडिओ आला नाही तर लायसन्स रद्द आणि दिलेले पैसे तुमचे. या एका ओळीवर ते अडले तर समजा की व्हिडिओ करायचाच नव्हता, नुसतं गाणं पोतडीत टाकायचं होतं.

एक गाणं दाखवायचं कलम ठेवायचं तर ठेवा, पण १५ दिवसांत लेखी होकार आला नाही तर तुम्ही मोकळ्या. कोल्हापूरकरांच्या पोराची यात्रा आठवा.

चॅनेलवरचं काढू नका. ध्वनिमुद्रण त्यांना एकट्याला वापरायला हवंय हे समजू शकतो, पण तुमचा जुना व्हिडिओ तसाच राहील आणि त्यावर जाहिराती लावणार नाही, इतकं त्यांना चालायला हवं. तुम्हाला तसंही त्यातून काही मिळत नाहीय. नाहीच ऐकले तर व्हिडिओ डिलीट न करता अनलिस्टेड करा. कमेंट राहतात, शोधात दिसत नाही.

डिझाइनवाल्यांना विचारून झालं की नावाचं परत विचारा. ते सोडू नका.

टीडीएस कापून पैसे देतील, पॅन द्या आणि नंतर इन्कम टॅक्सच्या साइटवर कापलेली रक्कम दिसते का बघा. पुढं यूट्यूब किंवा परदेशी डिस्ट्रिब्युटरकडे खातं काढलं तर अमेरिकेचा करफॉर्म भरायला विसरू नका, भारताशी करार असल्यानं तिथल्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात.

आणि सहीला जाण्याआधी भावाकडून, बेंजोवाल्या काकांकडून आणि कोरसच्या मैत्रिणींकडून एकेक साधा कागद करून घ्या. कुणी काय केलं, किती पैसे दिले, हे ध्वनिमुद्रण वापरायला हरकत नाही. मराठीत, हातानं लिहिलेला चालतो. आज सगळे घरचे आहेत तोवर ते पाच मिनिटांचं काम आहे. संबळ मात्र नव्यानं वाजवून घ्या, मिक्सिंगची फाइल पनवेलच्या स्टुडिओत अजून असेल. त्यांनी डिस्क साफ करायच्या आत जा.